चुलीचे फेरे

लग्नाला तीन वर्षं झाली, तरी माईंच्या लेखी मंदा अजून पाहुणीच होती. सासू वाईट नव्हती, पण घरातलं काहीही निघालं की त्यांच्या तोंडी लेकीचं नाव आधी यायचं. लेकीच्या बाळंतपणासाठी माई माकुणसारला गेल्या आणि पाम गावचं घर मंदाच्या हवाली झालं. तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं, की परतल्यावर माईंनी आपणहून म्हणायला हवं, हे घर आता हिचं.

चौथ्याच दिवशी नवऱ्यानं, नरहरीनं, बैलगाडीतून एक काळा कुत्रा आणला. त्या साली तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं, किनाऱ्यावरची काही घरं उठत होती, आणि नरहरी त्यांचं सामान वाहायचा.

"दामूबाबाचा हाय," तो म्हणाला. "म्हातारा सारखा म्हनायचा, घर सोडनार नाय. सामान बांधायच्या आदल्या दिवशी वारला. हा उंबऱ्यावर बसून व्हता, उठंना." मग कपाळ पुसत म्हणाला, "कुत्र्याचं वजन ते किती! पन बैल घरी येईस्तोवर फेसाटले."

नवं जनावर आलं की त्याला धरून चुलीभोवती तीन फेरे घालायचे, अशी तिथल्या घरांतली रीत. चूल त्यासाठीच भिंतीपासून सुटी घातलेली असायची. फेरे झाले की जनावर घराला बांधलं गेलं, मग हाकललं तरी जात नाही. मंदानं कुत्र्याला कवेत घेऊन तीन फेरे घातले. बिचाऱ्यानं हूं की चूं केलं नाही.

मग घरच्यांशी त्याची ओळख करून द्यायला तिनं मांजरीला पुढ्यात ठेवलं. चिंगी म्हणजे महामाया, गावातल्या बोक्यांची नाकं फोडून आलेली. मंदा केरसुणी घेऊन तयारीत राहिली. पण चिंगीनं कुत्र्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या मागे, वर, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर बघत होती. बघता बघता तिची शेपटी फुलली आणि चुलीजवळची आपली जागा सोडून ती माळ्यावर जाऊन बसली.

गोठ्यात तेच. तांबू गाईनं कुत्र्याला हुंगलं, चाटलंसुद्धा. मग मान वर करून त्याच्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि दावं ताणून थरथरत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तांबू दूध चोरू लागली. कुत्रा चुलीपाशी पडून असायचा, पण स्वतः आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून. मधूनच त्याचे कान दबायचे, कुणी डोक्यावरून हात फिरवावा तसे. मंदाला भीती वाटली, पण त्याहून मोठी धास्ती होती माईंची. मंगळवारी त्या यायच्या, आणि त्यांची गाय आटलेली.

तिनं शेजारच्या काशीबाईला बोलावलं. काशीबाईनं कुत्र्यामागची जमीन चाचपली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"दामू हाय," ती पुटपुटली. "कुत्र्याच्या संगती त्यालाबी फेरे पडले. त्याचं घर उठलं, आता तुजं धरलंय. उलटे फेरे घातले की सुटंल. पन तू नको घालू हां, पोरी. ते लेकीचं काम. नणंदेला येऊ दे."

मंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाय राखायची सुनेनं, शेण काढायचं सुनेनं, आणि मानाचं काम आलं की लेक! नणंद यायला अजून सव्वा महिना. काशीबाईची पाठ वळताच, भर दुपारी, मंदानं पदर खोचला आणि कुत्र्याला उचललं.

पहिल्या उलट्या फेऱ्याला तो दोन माणसांइतका जड लागला. दुसऱ्याला हलका झाला. तिसरा पुरा होताच त्यानं खाली उडी घेतली आणि मागे न बघता तारापूरच्या वाटेला लागला. चिंगी माळ्यावरून उतरून आपल्या जागेवर येऊन बसली. मंदाला आनंद मावेना. ती मागच्या दारानं गोठ्यात धावली. तांबूच्या सडांना दूध उतरलं होतं! तिनं कासेला हात लावला तर गाईनं लाथ उगारली. अजून भ्यालीय बिचारी, असं म्हणत ती नवऱ्याला सांगायला पुढच्या अंगणात आली.

नरहरी नुकताच येऊन पाय धूत होता. तिला पाहून त्यानं घाईनं धोतर सारखं केलं.

"कोन पायजे, बाई?"

"मस्करी पुरे," मंदा हसली. "तांबूला पान्हा फुटला."

नरहरी हसला नाही. "माई माकुनसारला गेल्यात. मंगळवारी येतील. तुमी कुठल्या?"

मंदानं दारातून आत चुलीकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी माईंनी तिचा हात धरून याच चुलीभोवती तिला तीन फेरे घातले होते, नव्या सुनेला घालतात तसे. लेक घरातच जन्मते, तिला कुणी बांधलेलं नसतं, म्हणून तिला सुटायचं भय नाही. काशीबाई आपल्याला वाचवत होती, आणि आपण मानपानावर गेलो.

"मी मंदा," ती म्हणाली. "अवो, मी मंदा."

त्यानं आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं, हे तिला दिसलं, आणि तेच तिला सोसेना.

"बसा वट्यावर," तो मऊपणानं म्हणाला. "उन्हातून आल्यात. पानी देतो."