येताना उतार

"बाबा, विमानात बसले. आता सुटेल," लेक खांद्याने फोन कानाशी दाबून पट्टा लावत म्हणाली.

"बरं झालं. इथे साडेनऊ झालेत. म्हणजे एकला उतरशील, दीडपर्यंत दवाखान्यात. आईला सांगतो."

लेकीने मनाशी तास मोजले. प्रवास सहा तासांचा होता. पोचायला चार वाजणार होते.

बाबा शिंपी. उभा जन्म मापं घेण्यात गेलेला. लेक नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा त्यांनी तिकीट कापडं बेतायच्या टेबलावर पसरलं आणि उतरायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली. दोन देशांची घड्याळं वेगळी असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. जाताना साडेआठ तास, येताना साडेतीन, असा हिशेब निघाला.

"असणारच," आई म्हणाली होती. "जाताना चढ, येताना उतार."

लेक पोट धरून हसली होती. पण आईचा पडलेला चेहरा त्या एका वाक्याने असा खुलला, की चूक सांगायची राहून गेली. राहिली ती राहिलीच. पुढे आई शेजारणींनाही सांगायची, पोरगी लांब आहे खरी, पण माघारी यायला तिला वेळ लागत नाही.

फोनमध्ये बाबांचा आवाज चढला. ते पलंगाकडे वळले असावेत.

"ऐकलंस का? निघाली ती. दीड वाजेपर्यंत दम धर."

"उतारच तर आहे," आईचा बारीकसा आवाज आला.

तेवढ्यात फोन बंद करायची सूचना झाली.

घरच्या घड्याळात दीड वाजला तेव्हा विमानाखाली नुसता समुद्र होता. तिने रुमाल तोंडात कोंबला आणि ती रडली. तेव्हाच सांगायला हवं होतं, किंवा निदान आज सकाळी. शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तोही तिला घेववेना.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाबा खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. गळ्यात मापाची टेप तशीच होती. आत आईच्या अंगावरची चादर चेहऱ्यावरून ओढलेली होती.

"दारावरची नजर हलवली नाही तिने," बाबा म्हणाले. "दीड वाजून गेला तेव्हा म्हणाली, आज पोरीला चढ लागला वाटतं. मग भिंतीकडे वळली. मला वाटलं, झोपली."

लेक त्यांच्याजवळ बसली.

"विमान उशिरा सुटलं का गं?" बाबांनी विचारलं. ते तिच्याकडे टक लावून बघत होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "बसवून ठेवलं आम्हाला. फार उशिरा सुटलं."

"तरीच." बाबांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "मी तिला तेच सांगत होतो. माझं माप नाही चुकायचं."