शरीरात घालू नये

मी एक जुनी पिशवी आहे. बाजारहाटाची नव्हे. पारदर्शक, गुळगुळीत, आत घट्ट जेल भरलेली आणि तळहातावर मावणारी. छाती भरीव दिसावी म्हणून डॉक्टर बायकांच्या अंगात जे इम्प्लांट बसवतात, त्यांतलीच मी एक, फक्त नमुन्याची. माझ्या पाठीवर ठसठशीत छापलेलं आहे, 'शरीरात घालू नये'. त्यामुळे माझ्या बहिणी माणसांत गेल्या आणि मी टेबलावर राहिले. मैत्रिणींनो, आणि दाराआडून कान लावून बसलेल्या मित्रांनो, तुम्हीसुद्धा ऐका. मी स्वभावाने भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही मुद्दाम घाबरवते.

माझा जन्म कारखान्यातला. साचा पातळ रसात बुडवायचा, सुकवायचा, पुन्हा बुडवायचा, असं करत करत माझी कातडी तयार झाली. मग मला साच्यावरून मोज्यासारखं सोलून काढलं, मागच्या भोकातून जेल भरलं, वर ठिगळ लावलं आणि भट्टीत शेकलं. माझ्या पोटात एक बुडबुडा राहिला. तपासणाऱ्या बाईने मला उजेडात धरलं, तोंड वाकडं केलं आणि नमुन्याच्या खोक्यात टाकलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

तिथून मी आले डेन्मार्कमध्ये, लिमफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठावर, पालेच्या दवाखान्यात. पाले म्हणजे सर्जन. इथे डॉक्टरला कुणी साहेब म्हणत नाही, नुसतं पाले. माझे सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. पाले मला बाईच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "दाब. हिला काही होत नाही." कधी मला जमिनीवर ठेवून तो बूट घालून माझ्यावर उभा राहायचा. बायका हसायच्या, त्यांची भीती जायची. माझी मात्र वाढायची, पण मला कोण विचारतो?

आलेल्या बायकांना हसू नका. एकीची एक बाजू वाढलीच नव्हती. उन्हाळ्यात समुद्रावर जाताना ती पोहण्याच्या कपड्यात मोजा कोंबून जायची. ऑपरेशननंतर ती आरशासमोर उभी राहून रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं. दुसरी एक आली ती मित्र टोचून बोलतो म्हणून. तिला पालेने घरी पाठवलं आणि सांगितलं, "मित्र बदलून बघ, ते स्वस्त पडेल." कारणं अशी तऱ्हेतऱ्हेची. कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं हे टेबलावर पडून सांगता येत नाही.

पण एके दिवशी माझी एक बहीण परत आली, स्टीलच्या तबकातून. शरीराला परकं कोण ते कळतं. ते आम्हां पिशव्यांभोवती पडदा विणतं, हे सगळ्यांचंच होतं. पण कधीकधी तो पडदा आवळत जातो. माझ्या बहिणीभोवती तो इतका आवळला होता की ती शिळ्या पावासारखी कडक झाली होती. नर्स बिर्गिटने ते तबक क्षणभर माझ्या शेजारी टेकवलं. तेव्हापासून दार उघडलं की मी आधी तबक आहे का ते बघते. माझ्या पाठीवरचे ते अपमानाचे शब्द मला तेव्हा पहिल्यांदा आशीर्वाद वाटले.

पाले काही लपवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. जखम चिघळू शकते, स्पर्श बधिर होऊ शकतो, पिशवी फाटू शकते, दहापंधरा वर्षांनी बदलावी लागू शकते. कॅन्सर शोधायला छातीचे फोटो काढताना पिशवी आडवी येते. तो हे सगळं बोलतो. बायका माना हलवतात. पण ठरवून आलेल्या माणसाच्या कानात असलं काही शिरत नाही.

दोर्ते आली ती फेब्रुवारीत, फ्योर्डच्या काठाला बर्फ धरलेलं असताना. एकेचाळीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची. ती शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवायची.

"शिकवते म्हणजे आता काठावरून," ती म्हणाली. "ट्रॅकसूट घालून उभी राहते आणि शिट्टी वाजवते. जुळ्यांना पाजलं आणि सगळं उतरलं. पाण्यात जायचं तर आधी सगळ्यांसमोर कपडे काढून अंघोळ. ते मला होत नाही."

"हेनिंग काय म्हणतो?" पालेने तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"तो म्हणतो, मला काहीच कमी दिसत नाही. पण त्याला घरातलं लोणी संपलेलंही दिसत नाही."

पाले हसला. मग त्याने नेहमीचे प्रश्न सुरू केले. मी तिच्या हातात होते.

"घरात कुणाला छातीचा कॅन्सर? आई, मावशी, बहीण?"

दोर्तेची बोटं माझ्यात इतकी रुतली की नखं एकमेकांना लागली.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला नाही."

मैत्रिणींनो, इतकी वर्षं मला कितीतरी हातांनी हाताळलं आहे. खरं बोलणारा हात आणि खोटं बोलणारा हात मला कळतो. मला ओरडावंसं वाटलं. पण ठिगळ लावलेल्या तोंडातून आवाज कसा निघणार? पालेने पुढचा प्रश्न विचारला.

इथे असं ऑपरेशन लगेच करत नाहीत. कायद्याने विचार करायला एक आठवडा द्यावाच लागतो. त्या आठवड्यासाठी बिर्गिट मला आणि माझ्या जोडीदारणीला कापडी थैलीत घालून बाईबरोबर घरी देते. "कपड्यात घालून घरात वावर," ती सांगते, "भांडी घास, पायऱ्या चढ, मग ठरव." दोर्तेने भांडी घासली, ती पायऱ्या चढली. तिने आरशात वळून वळून बघितलं आणि खरंच तिचे खांदे मागे गेले. ती सुंदर दिसत होती, हे मी भित्री असूनही कबूल करते. पण रात्री कूस बदलताना तिचा हात चुकून स्वतःच्या छातीला लागला, की ती तो चटका बसल्यासारखा काढून घ्यायची.

मग तिला वाटलं, पाण्यात जाऊन बघावं. गावाच्या धक्क्यावर थंडीत पोहणाऱ्यांची लाकडी खोली आहे. गारठ्यात बुडी मारायची आणि आत येऊन गरम बाकावर शेकत बसायचं. दोर्ते दोन हिवाळे तिकडे फिरकली नव्हती. आडवारी, भर दुपारी, कुणी नसेल असा तिचा हिशेब. आम्हां दोघींना पोहण्याच्या कपड्यात घालून ती शिडीवरून उतरली. त्या पाण्याने माझं जेल सुद्धा गारठलं. ती मात्र वर आली तेव्हा हसत होती, पहिल्यांदाच.

हिशेब चुकला तो इथे. दुपारची वेळ म्हाताऱ्यांची असते हे ती विसरली होती. गरम खोलीत ग्रेटे आणि लिस बसल्या होत्या, दोघी सत्तरीच्या पुढच्या. आणि त्या खोलीचा नियम एकच, आत कपडा चालत नाही.

"ये गं दोर्ते," लिस म्हणाली. "ते ओलं काढ. आमच्या बाकाला बुरशी आणू नकोस."

"मला थंडी वाजतेय. असू दे."

"थंडी वाजते म्हणून ओलं घालून बसतेस? पोहायला शिकवतेस ना तू?"

दोर्ते मागे वळायला गेली, ओल्या फळीवर पाय सरकला आणि मी तिच्या कपड्यातून निसटून थेट ग्रेटेच्या पायाशी पडले. ग्रेटेने मला उचललं, वाफेत डोळे बारीक करून पाठीवरचे शब्द वाचले आणि मांडीवर ठेवलं.

"पालेकडची," ती म्हणाली. "अजून हीच देतो होय? कंजूष मेला."

तेव्हा मी ग्रेटेकडे नीट पाहिलं. तिची छाती सपाट होती, खाली दोन पांढऱ्या रेघा.

"मलाही घातल्या होत्या," ती दोर्तेला म्हणाली. "अकरा वर्षं. काय मिरवलंय मी. मग डावी दगड झाली. काढून टाकल्या दोन्ही."

"पस्तावलीस?" दोर्तेने विचारलं. ती आता दाराशी टेकून उभी होती.

"घातल्याबद्दल नाही, काढल्याबद्दलही नाही. दुखत होतं तरी दोन वर्षं गप्प बसले. लोक म्हणतील, हौस होती ना, भोग आता. त्याचा पस्तावा आहे."

लिसने बादलीतलं पाणी तापल्या दगडांवर ओतलं. चरचर झाली. मग ती सहज बोलावं तसं बोलली, "तुझी आई इथेच बसायची, या कोपऱ्यात. पालेला तिचं सांगितलंस ना?"

दोर्ते ओल्या कपड्याचा काठ पिळू लागली.

"दोर्ते, बाळा," ग्रेटे म्हणाली, "सांगितलंस ना?"

"सांगितलं असतं तर त्याने आधी फोटो काढायला पाठवलं असतं."

"मग जायचं."

"आणि काही सापडलं तर? आई चव्वेचाळीसची होती. मी तिला आंघोळ घालायचे, ग्रेटे. मला सगळं माहीत आहे ते कसं होतं. ती गेल्यापासून मी तिथे चाचपायला हात लावलेला नाही. मला तिथे दुसरं काहीतरी हवंय. माझं नसलेलं."

मी ग्रेटेच्या मांडीवर पडून ऐकत होते. म्हणजे मी हवी होते ती सुंदर दिसण्यासाठी नव्हे, निदान तेवढ्यासाठी नव्हे. भीतीवर झाकण म्हणून मी हवी होते.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ग्रेटे म्हणाली आणि मला दोर्तेच्या हातात परत दिलं. "घालायच्या तर घाल. मी तुला अडवणार नाही. पण आधी खरं बोल."

दुसऱ्या दिवशी दोर्ते दवाखान्यात आली. पाले दुसऱ्या गावी गेला होता. बिर्गिट एकटीच होती. दोर्तेने थैली टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मी खोटं बोलले. माझी आई त्यानेच गेली."

बिर्गिटने तिला रागावलं नाही. खुर्ची दिली, पडदा ओढला. "फोटोची वेळ मी आत्ता मागते," ती म्हणाली. "तोवर तुला दाखवू, कसं चाचपायचं?"

दोर्तेने हात चोळून गरम केले. मग स्वेटरच्या आत हात घातला. मी थैलीतून अर्धी बाहेर आले होते, मला तिचा चेहरा दिसत होता. तिची बोटं हळूहळू फिरली, काखेच्या बाजूला गेली आणि थांबली. पुन्हा मागे आली. पुन्हा तिथेच थांबली.

"बिर्गिट," ती अगदी हळू म्हणाली, "इथे तुझा हात लाव."

ती गाठ वाटाण्याएवढी होती. वेळेत निघाली. उपचार लांबले, केस गेले, पण दोर्ते आहे. तिची डावी बाजू आता पहिल्यापेक्षाही कमी आहे. बिर्गिट कॉफी पिताना सांगत होती की या उन्हाळ्यात दोर्ते मुलांबरोबर पाण्यात उतरते. ते ऐकून मी खणात पडल्या पडल्या किती वेळ रडले असते, रडता आलं असतं तर.

हो, मी आता खणात असते. पालेने नवे नमुने आणले. माझी कातडी चिकट झाली आहे, तिला धूळ बसते, आणि मला कुणी पुसत नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. भीती वाटते ती वरच्या टेबलावरच्या आवाजांची. पाले तोच प्रश्न विचारतो आणि मी श्वास रोखून उत्तराची वाट बघते. मैत्रिणींनो, छाती तुमची आहे, हौस तुमची आहे, आणि निर्णयही तुमचाच. पण माझी एवढी विनवणी ऐका. आम्हांला घरी नेण्याआधी स्वतःच्या अंगाला एकदा हात लावा. आणि त्या खुर्चीत कुणी आईबद्दल विचारलं, तर घाबरत का होईना, खरं सांगा.