शेपूट

गीत संपलं, ऑर्गन थांबला, पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, आणि मागच्या बाकावरून बाबांचा आवाज आला. अख्खी शेवटची ओळ. तीही अशा सुरात, की खिडकीवरची कबुतरं उडाली.

गायनमंडळातल्या पोरी माना खाली घालून फिदीफिदी हसल्या. माझा मात्र पारा चढला. पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीच्या शताब्दीची उपासना होती, तिचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं, मुख्य गायिका मी होते, आणि हा माणूस माझा सख्खा बाप होता.

बाबा कापडगिरणीत विणकर होते. बत्तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्या खात्यात सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलत, आणि बाबा चर्चमध्येही तेच करत. ऑर्गन त्यांना ऐकूच येत नसे. समोरच्या ओठांवरून ओळ उचलायची, मग गायची. म्हणून कायम एक ओळ मागे. शिवाय स्वतःचा आवाज स्वतःला कळत नसल्यामुळे तो गिरणीच्या मापाचा. मंडळीत त्यांचं नावच पडलं होतं, शेपूट. त्यांना ते ठाऊक होतं. "शेपूट का होईना," ते म्हणत, "मंडळीच्याच अंगाला चिकटलंय ना?"

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, पुढच्या रविवारी नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

त्यांनी माझे ओठ वाचले, पण खात्री पटली नसावी. भुवया उंचावून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले. दोनदा म्हणाले मी ते.

"बरं," बाबा म्हणाले.

"तुझ्या जिभेला काही हाड?" आई मोरीतून कडाडली. "देवानं गळा दिला, अन् काळीज द्यायला विसरला वाटतं!"

मी एकाच रविवारचं बोलले होते. बाबांनी आवाज बंद केला तो कायमचा. ध्वनिमुद्रण झकास झालं. पुढची दोन वर्षं शेपूट कुणाला ऐकू आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

मग माझ्याच गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. "कुजबुजण्याइतका येईल हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाण्याचं मात्र विसरायचं." जणू गाणं म्हणजे छत्री, बसमध्ये राहिली तर राहिली. मी शाळेत संगीत शिकवत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला ग्रंथालयात बसवलं, आणि त्यात त्यांचा चांगुलपणाच होता, हेच मला जास्त लागलं.

घरात मी पाटीवर लिहून बोलू लागले. आईचा चष्मा सापडेपर्यंत माझं भांडण शिळं व्हायचं. बाबांना मात्र पाटी लागत नव्हती. मी नुसते ओठ हलवायचे आणि त्यांना सगळं कळायचं, मनातल्या मनात पुटपुटलेलंसुद्धा. घरातली सगळ्यांत बोलकी माणसं आता आम्ही दोघं, एक बहिरा आणि एक मुकी.

सहा रविवार मी चर्चची पायरी चढले नाही. सातव्या रविवारी सकाळी बाबा दारात बसून बुटांना पॉलिश करत होते. शेजारी माझेही बूट घासून ठेवलेले.

"चल," ते म्हणाले.

"काय करू येऊन?" मी ओठांनीच विचारलं. "त्यानंच दिलं, त्यानंच काढून घेतलं. आता स्तुती कशाची करू? आणि कशानं करू?"

बाबांनी ब्रश खाली ठेवला. "मागावर धागा तुटला ना, की तोंडात पहिली येते ती शिवी. दिवसाला चाळीसदा तुटायचा. म्हणजे चाळीस शिव्या. तू झालीस तेव्हा ठरवलं, धागा सांधेपर्यंत स्तुतीची एक ओळ म्हणायची. म्हटलं बघू तरी."

"मग जमलं?"

"छे गं! पहिली दहा वर्षं दोन्ही यायच्या. आधी शिवी, मागून ओळ. मग कधीतरी ओळ आधी यायला लागली. आता शिवी आठवावी लागते." ते हसले. "मनापासून, मनापासून म्हणतात सगळे. ते काय आपोआप होतं का? हाताला वळण लागतं तसंच मनाला लागतं. अन् तेही तुटल्या धाग्यापाशीच. धड कापडाला कोण हात लावतंय?"

मला पटलं वगैरे नाही. मी म्हणाले, "तुम्ही तर दोन वर्षं गप्पच आहात."

"गप्प कुठे? ओठ हलवतो की. तूच सांगितलं होतंस."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, भांडण मला छान जमतं. मी मुकाट्यानं बूट घातले.

मागच्या बाकावर मी जन्मात पहिल्यांदा बसले. तिथून गायनमंडळ धड दिसतच नाही, मध्ये जाडजूड खांब येतो. खांबाच्या कडेनं एकच जागा दिसते, पहिल्या ओळीतली डावीकडची. माझी.

मी बाबांचा हात ओढला. "तुम्ही ओळ माझ्याकडून उचलायचात?"

"मग कुणाकडून?" बाबा म्हणाले. त्यांना वाटलं ते कुजबुजताहेत. चार बाक पुढपर्यंत ऐकू गेलं. "त्या बाकीच्या पोरी तोंड उघडतात का नीट?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं हा माणूस माझंच गाणं माझ्या मागून गात होता, आणि मी त्यालाच गप्प केलं होतं.

ऑर्गन सुरू झाला. सगळे उभे राहिले. सवयीनं माझं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. डोळे भरले, रागानंच भरले. खाली बसावं असं वाटलं. शेजारी बाबांचे ओठ हलत होते, बिनआवाजाचे.

मी त्यांचा दंड धरून त्यांना माझ्याकडे वळवलं. "आवाज काढा, बाबा."

त्यांनी वाचलं. खात्रीसाठी भुवया उंचावल्या. मी पुन्हा म्हणाले. दोनदा म्हणाले मी ते.

मग मी ओळ दिली आणि त्यांनी ती उचलली. फाटका, बेसूर, गिरणीच्या मापाचा आवाज. मी पुढची दिली, त्यांनी तीही उचलली. पहिली दोन कडवी मी रागानंच ओठ हलवत होते. तिसऱ्यात राग कुठे गेला कळलं नाही. मी देवाची स्तुती करत होते, आणि ती लोकांना कशी ऐकू येत असेल याचा विचार आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात नव्हता.

गीत संपलं, ऑर्गन थांबला. बाबांची ओळ अजून उरली होती. ती त्यांनी खणखणीत म्हटली. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. एरवी मी जमिनीकडे पाहिलं असतं. आज एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिले. हा माझा बाप आहे, नीट बघून घ्या.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं होतं. बाबा माझ्या ओठांकडे पाहत पुढच्या ओळीची वाट बघत होते. मी पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.