पायाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. माझा तांबडा रंग आता कपाळापासून पांढरा होत चालला आहे. अंगात जोर होता तेव्हा मी घोडेस्वारीच्या शाळेत राबले. कितीतरी मुलांची भीती माझ्या पाठीवर बसून गेली. माझी स्वतःची भीती मात्र गेली नाही. मला ट्रकची भीती वाटते.

शाळेत मला आणले ते ट्रकमधूनच. मालकीणबाईंचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, गाडी चालवत होता. खाली गुळगुळीत पत्रा आणि त्यावर पेंढा. दिसायला अगदी मऊ बिछाना. पण घाबरून माझी लघवी झाली, पेंढा भिजला आणि पहिल्याच वळणावर सगळा घसरून कोपऱ्यात गेला. पायाखालची जमीन सरकली असे तुम्ही म्हणता ना, माझी खरोखरच सरकली. मी आडवी पडले. गळ्याचा दोर आवळला. शेजारच्या घोड्याचे खूर माझ्या डोळ्यांजवळ आपटत राहिले. दादाने गाडी थांबवून दोर कापला, तोवर माझा गुडघा सोलून निघाला होता.

त्यानंतर इंजिनाचा आवाज आला तरी मी मागे सरत असे. पुढे मी गाभण राहिले. दिवस भरत आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोट तपासले आणि म्हणाल्या, "हिला मोठ्या दवाखान्यात हलवा. इथे व्यायली तर दोन्ही जीव जातील."

ट्रक आला. आतला पेंढा पाहताच माझे पाय जमिनीला खिळले. दादा दोर ओढून घामाघूम झाला.

"दुधानं तोंड पोळलंय तिचं," मालकीणबाई म्हणाल्या. "पेंढ्यावर ती पाय ठेवायची नाही, दादा."

"मग बारीक भुसा टाकू."

"तो वाऱ्यानं उडेल. डोळ्यांत जाईल, नाकात जाईल. खोकून बेजार होईल ती."

"अगं, पेंढ्याला काय झालंय? सगळे तोच टाकतात."

"बरं. तू आत उभा राहा. मी चालवते."

दादा हसत चढला. बाईंनी पेंढ्यावर बादलीभर पाणी ओतले आणि आवारात गाडी वळवली. आतून धप्प असा आवाज आला. दादा उतरला तो कमरेवर हात ठेवून.

"रबर आणतो," एवढेच तो म्हणाला.

त्याने पत्र्यावर जाड, खरबरीत रबर कडेपासून कडेपर्यंत घट्ट बसवले. वर सुताराच्या रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या सालपटांचा जाड थर पसरला आणि धूळ बसावी म्हणून पाण्याचा हलका शिपका मारला. मग स्वतःच त्यावर पाय आपटून पाहिले. मी एक खूर ठेवला. तो घसरला नाही. मग दुसरा ठेवला आणि मी चढले.

भर रस्त्यात समोर कुत्रे आडवे आले आणि दादाने करकचून ब्रेक लावला. माणसे जीव मुठीत धरतात. मला मूठ नाही, मी तो चार खुरांत धरला. पाय फाकवून, डोळे मिटून मी पडण्याची वाट पाहत राहिले. सालपटे दबली, रबराने खूर धरून ठेवले. मी उभीच होते.

माझे शिंगरू दवाखान्यात सुखरूप जन्मले. काळेभोर, लांब पायांचे. मोठे झाल्यावर त्याला दूरच्या लोकांनी विकत घेतले. न्यायला त्यांचीच गाडी आली होती. दार लागताना ते माझ्याकडे पाहून खिंकाळले. आत खाली काय अंथरले होते, ते मला दिसले नाही.

मित्रांनो, रस्त्यात कधी घोडा नेणारी गाडी उभी दिसली, तर खाली काय अंथरले आहे, तेवढे तिच्या चालकाला विचारा. तो घोडा काळा नसला तरी विचारा.