व्हर्लिनची दुसरी फुंकर

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक. माझ्यात फुंकर मारायला कोणी हौसेने येत नाही, तरी माझ्यापुढे रोज रांग! मुक्काम अमेरिकेत, साउथ डकोटातल्या एका लहान गावच्या शेरिफची, म्हणजे पोलीसप्रमुखाची, कचेरी. जन्म कारखान्यातला, शहाणपण मात्र सगळं या टेबलावरचं.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांना न्यायाधीश खटल्याआधी घरी सोडतात, ते माझ्या भरवशावर. सकाळी सातला यायचं, संध्याकाळी सातला यायचं, फुंकायचं. दारू सापडली की इथूनच कोठडी. शून्य दाखवलं की मी हुशार, आकडा चढला की मी भंगार!

व्हर्लिन हॉफर गाईवाला. एकशे अठरा दिवस सलग शून्य. मार्चातल्या त्या सकाळी स्वारी चक्क टाय बांधून आली, कारण नऊला कोर्टात तारीख होती. गाई विण्याचे दिवस. गोठ्यात बायको आर्लिस एकटी. हा आत गेला असता तर तिचे हालच होते.

त्याने फुंकलं, आणि माझा आकडा सरसर चढला!

"काय प्यायलास?" लॉर्नाने विचारलं. ती इथली हवालदार.

"कॉफी. आणि आर्लिस म्हणाली, जजसमोर तोंडाला वास नको. म्हणून आत्ता गाडीत माउथवॉशने चूळ भरली. दोनदा."

"एकशे अठरा दिवस थेंबाला शिवला नाहीस, आणि आज माउथवॉशमधल्या दारूने गुळण्या करून आलास होय रे?"

नियम असा की साध्या पाण्याने चूळ भरून पंधरा मिनिटं बाकावर बसायचं, मग पुन्हा फुंकायचं. तोंडातली दारू उडून जाते, रक्तातली जात नाही. फुंकून झालेलेसुद्धा कामावर जायचं सोडून थांबले. छपरं शाकारणारा डॅरल म्हणाला, "टाय बघून यंत्र दचकलं असेल." व्हर्लिन हसला नाही. टोपी मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

पंधरावं मिनिट सरलं. त्याने ओठ लावले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी एवढा कधी थरारलो नव्हतो! आकडे फिरले, थांबले. शून्य, शून्य, शून्य!

लॉर्नाने माझ्यातून निघालेली शून्याची चिठ्ठी फाडून त्याला दिली. "जा आता. आणि वाटेत काही तोंडात घालू नकोस."

डॅरलने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

मित्रांनो, मला दर महिन्याला तपासून घ्या, धूळ बसू देऊ नका. माझ्या एका आकड्यावर माणूस आत जातो. म्हणून विनवतो, त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा कधी करू नका.