पाठमोरा सत्कार

पुंजाराम गेली सोळा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला दर महिन्याला येवल्याहून एसटीनं नाशिकला येत होता. त्यानं एकही गोळी चुकवली नव्हती. म्हणून गेली पाच वर्षं दर डिसेंबरात तिथल्या उपचार केंद्रावर त्याचा 'आदर्श रुग्ण' म्हणून सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ आणि फोटो. फोटो अर्थात पाठीमागून, ओळख उघड व्हायला नको ना! असे पाच पाठमोरे पुंजाराम भिंतीवर ओळीनं टांगलेले होते. एवढं कौतुक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या पाठीचं झालं नसेल.

यंदा मात्र तो एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून आला होता. त्याची बायको कुसाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात त्याचा आजार ठाऊक असलेली ती एकटीच. तेव्हापासून झोप उडाली होती, भाकरी गोड लागत नव्हती, आणि अलीकडे गोळी हातात घेतली की वाटायचं, कशाला घ्यायची?

समुपदेशक निकिता मॅडमनी डबी ओतून उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. मग मनाच्या तब्येतीचा कागद ओढला. त्यावर नऊ प्रश्न होते. मॅडमनी मान वर न करता नऊही ठिकाणी 'नाही'वर खूण केली.

"मॅडम, ते जरा इचारा ना मला."

"तुम्हाला काय विचारायचं, बाबा! तुम्ही आमचे हिरो. चला, साहेब खोळंबलेत."

सत्काराला आलेल्या मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. पुंजाराम सदा आनंदी असतात, म्हणाले. साहेब त्याला आज पहिल्यांदाच बघत होते. मग फोटोवाला म्हणाला, "बाबा, वळा." पुंजाराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. फोटो झकास आला, असं सगळे म्हणाले.

तो नारळ घेऊन बाकावर टेकला. शेजारी कळवणच्या बायडाबाई बसल्या होत्या, त्याही इथल्याच जुन्या रुग्ण.

"दादा, रागावू नका," त्या म्हणाल्या. "त्या फोटूंत तुमचे खांदे दर साली खाली चाललेत. लय दिवस पाहते मी. घरी काय झालं?"

पुंजारामानं घड्याळ पाहिलं. "माझी गाडी हे आता."

"जाऊ द्या गाडी. सांगा."

त्यानं कुसाबाईपासून सुरुवात केली. येवल्याची एसटी निघून गेली. सोळा वर्षांत पुंजारामानं पहिल्यांदाच काहीतरी चुकवलं.