सोमवारची सुई
सुई सोमवारी सकाळी टोचली. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी आम्ही झटकतो. चमचे पडतात, एकदा कवळी पडली होती. ही सुई पडली नाही, माझ्या अंगठ्यात घुसली. कुणाच्या रक्ताची, कोण जाणे.

मुकादमाकडे गेले. त्याच्या टेबलावर अपघातांची वही असते, कोरी. ती कोरी म्हणून धुलाईचं कंत्राट टिकलंय, असं तो मिशीला पीळ देऊन सांगतो. त्याने वही उघडलीच नाही. कपाटातून एक डबी काढली.

"घरी करायची एचआयव्हीची टेस्ट. बोटाचं थेंबभर रक्त. उद्या कर, एक रेघ आली की सुटलीस. हेलपाटे नकोत, बोभाटा नको."

मी या माणसाला हात जोडले! त्या हातांची मला आज लाज वाटते.

मंगळवारी न्हाणीघरात टेस्ट केली. एकच रेघ. धाकटी जाऊ माझ्याच शेजारी चादरी झटकते, तिला सांगितलं. ती हसली, "ताई, यम पत्ता चुकला!"

शुक्रवारी डबी फेकताना आतला कागद हाती लागला. मुंगीएवढी अक्षरं: मागच्या तीन महिन्यांत लागण झाली असेल, तर या टेस्टमध्ये दिसेलच असं नाही. चप्पल घातली आणि तपासणी केंद्र गाठलं.

तिथल्या बाईंनी विचारलं, "सुई सोमवारची, टेस्ट मंगळवारची? मग ती रेघ तीन महिन्यांपूर्वीचं सांगते हो. सुईबद्दल काहीच नाही."

"मग आता?"

"लागण रोखायच्या गोळ्या असतात. पण त्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, शक्यतो त्याच दिवशी." त्यांनी बोटांवर सोमवार ते शुक्रवार मोजलं. "सुईने लागण क्वचितच होते, धीर सोडू नका. आज रक्त द्या. सहा आठवड्यांनी परत या, मग तीन महिन्यांनी."

गोळ्या फुकट होत्या. केंद्र आमच्या धुलाईखान्यापासून दोन गल्ल्यांवर. माझे बहात्तर तास एका कोऱ्या वहीने गिळले.

शनिवारी मुकादम जेवायला गेल्यावर मी वही ओढली आणि लिहिलं. सुई, वार, वेळ, डबी कुणी दिली ते.

जाऊ धावत आली. "ताई, वेड लागलंय का? कंत्राट गेलं तर आपल्या दोन्ही चुली विझतील! रेघ एकच होती ना? तुम्ही चांगल्या आहात!"

"चांगली आहे? मग आज माझ्या डब्याला हात का लावला नाहीस?"

तिची मान खाली गेली. एका डब्यात जेवून हे होत नाही, एवढंही आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. टेस्टच्या डब्या मात्र मुकादमाकडे कपाटभर.

मान खाली घालूनच तिने ते पान टराटरा फाडलं.

मी पुढचं पान उघडलं. पुन्हा सोमवारपासून लिहिलं, आणि शेवटी पान कुणी फाडलं तेही.